दोन मोजपट्ट्या, एक आकार: बहुपॅरामीटर पर्सिस्टंट होमोलॉजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत दर रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण गणित वाचायला बसतो. बीएस्सी-एमएस्सीची मुलं, नोकरी करणारे दोघे-तिघे इंजिनिअर, एक निवृत्त शिक्षिका. गेलं वर्षभर टोपॉलॉजिकल डेटा अ‍ॅनालिसिस, म्हणजे डेटाचा आकार ओळखण्याचं गणित, चाललंय. नवा माणूस आला की तेच प्रश्न येतात, आणि ते अगदी योग्य प्रश्न असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. मराठीत या विषयावर वाचायला जवळजवळ काहीच मिळत नाही, याची रुखरुखही आहेच.

होमोलॉजी म्हणजे काय हेच माहीत नाही. पुढचं वाचून कळेल का?

कळेल. अलिबागच्या किनाऱ्यावर उभे आहात असं समजा. समोर कुलाबा किल्ला. भरतीला ते बेट असतं, ओहोटी लागली की चालत जाता येतं. पाणी उतरत जातं तसतशी जमीन उघडी पडते. आधी उंच खडक दिसतात, मग वाळूच्या पट्ट्या, आणि सुटे तुकडे हळूहळू एकमेकांना मिळतात. प्रत्येक तुकडा पाण्याच्या कुठल्या पातळीला वर आला आणि कुठल्या पातळीला आपल्याहून जुन्या तुकड्यात मिसळला, याची एक रेघ काढायची. अशा सगळ्या रेघा मिळून होतो बारकोड, आणि कोण किती टिकलं हे असं मोजणं म्हणजेच पर्सिस्टंट होमोलॉजी. किल्ल्याची रेघ लांब येते, चिखलातल्या एखाद्या उंचवट्याची बोटभर.

तुकडे मोजणं ही शून्याव्या पातळीची होमोलॉजी. कडी किंवा छिद्रं मोजणं ही पहिल्या पातळीची, म्हणजे खडकांच्या वेढ्यात अडकलेलं डबकं. बंदिस्त पोकळ्या दुसऱ्या पातळीला येतात. एडेल्सब्रुनर, लेचर आणि झोमोरोडियन यांनी २००० साली या रेघा काढण्याची रीत मांडली. पुढे २००५ मध्ये झोमोरोडियन आणि कार्लसन यांनी तिच्यामागचं बीजगणित उलगडलं: पॅरामीटर, म्हणजे बदलत जाणारी मोजपट्टी (इथे पाण्याची पातळी), एकच असेल तर सगळी माहिती सुट्या सुट्या रेघांत पूर्ण मावते. काहीही हरवत नाही.

हे एवढं छान चालतं, तर दुसरा पॅरामीटर कशाला?

कारण 'किल्ला किनाऱ्याला कधी जोडला जातो' या प्रश्नाचं उत्तर फक्त पाण्यावर ठरत नाही. मध्ये हातभर रुंदीचा ओहोळ राहिला असेल तर दहा वर्षांचा मुलगा उडी मारून पलीकडे जाईल, त्याची आजी थांबेल. म्हणजे मोजपट्ट्या दोन झाल्या, ओहोटी किती आणि पाऊल किती लांब. पूर्ण ओहोटी आणि आखूड पाऊल, तरी जोड होतो. अर्धी ओहोटी आणि लांब पाऊल, तरी होतो. या दोन परिस्थितींत आधीची कुठली आणि नंतरची कुठली? तुलनाच होत नाही. हा विषय एवढा अवघड का, याचं मूळ इथंच आहे.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या बागेतल्या ११८ हापूस कलमांची ठिकाणं मी मोबाइलवर नोंदवली. बागेच्या मध्ये मोठा कातळ आहे, तिथे कलमं नाहीत. नकाशात तिथे ठळक छिद्र दिसायला हवं, म्हणजे पहिल्या पातळीच्या बारकोडात एक लांब रेघ. आली ती किरकोळ, इतर आखूड रेघांत हरवून जाईल अशी. शोधलं तेव्हा कळलं की आजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले होते आणि त्यांतली चार कलमं जगली आहेत. शिवाय दोन नोंदी मोबाइलनेच भलतीकडे दाखवल्या होत्या. सहा बिंदूंनी छिद्र बुजवलं.

उपाय म्हणून विरळ बिंदू गाळता येतात. पण किती विरळ म्हणजे विरळ? तो आकडा मी हाताने ठरवला तर उत्तर माझ्या मर्जीवर चालणार. दोन पॅरामीटरांच्या पद्धतीत हा निर्णय घ्यावाच लागत नाही. एका अक्षावर त्रिज्या (प्रत्येक बिंदूभोवती वाढवत नेलेल्या वर्तुळाची), दुसऱ्यावर घनता. दाट वस्तीतले बिंदू आधी येतात, एकटे नंतर. सगळे उंबरठे एकदम समोर असतात आणि कातळाचं छिद्र कुठल्या पट्ट्यात टिकतं ते दिसतं. मला ते त्या दिवशी दिसलं, आणि तेव्हापासून मी या विषयात आहे.

दोन पॅरामीटरांचा बारकोड का नसतो?

कार्लसन आणि झोमोरोडियन यांनीच दाखवलं की दोन किंवा अधिक पॅरामीटर आले की बारकोडासारखी सुटी-सुटी, मोजता येणारी आणि तरी संपूर्ण अशी यादी अस्तित्वातच नाही. कुणी नंतर हुशारीने शोधून काढेल अशी आशा ठेवू नये. तसं नाही याची सिद्धता आहे. एका पॅरामीटरमध्ये प्रत्येक वस्तू रेघांमध्ये फुटते. दोन पॅरामीटरमध्ये न फुटणारे तुकडे हवे तितके गुंतागुंतीचे असू शकतात.

म्हणून लोक अपुऱ्या पण उपयोगी खुणा वापरतात. प्रत्येक ठिकाणी किती छिद्रं आहेत ही संख्या. एका ठिकाणची किती छिद्रं पुढच्या ठिकाणापर्यंत टिकली ती संख्या, म्हणजे रँक इन्व्हेरियंट. आणि दोन अक्षांच्या प्रतलावर एक चढती तिरकी रेघ मारून तिच्यावरचा साधा बारकोड. लेस्निक आणि राइट यांचं रिव्हेट हे सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. तुम्ही रेघ फिरवता आणि बारकोड त्याबरोबर बदलत जातो. नवशिक्याने पहिल्यांदा तेच उघडावं.

गणन प्रत्यक्षात कसं होतं? एक उदाहरण हाताने करून दाखवाल का?

हो, आणि हे वहीत करूनच बघा. तीन जागा घ्या: किनारा, मधली वाळूची पट्टी, किल्ल्याचा खडक. तिन्ही सुरुवातीपासून आहेत, म्हणजे तिघांची अंकजोडी (०,०). पहिला आकडा ओहोटीचा, दुसरा पावलाचा. आता तीन जोड, आकडे मी सोयीसाठी घेतलेत. किनारा-पट्टी जोड (०,२) ला होतो, पट्टी-खडक (१,१) ला आणि खडक-किनारा (२,०) ला.

मॅट्रिक्समध्ये तीन ओळी आणि तीन कॉलम. प्रत्येक कॉलममध्ये त्या जोडाच्या दोन टोकांना १, उरलेल्या जागी ०. बेरीज अशी की १ अधिक १ बरोबर ०. एका पॅरामीटरमध्ये कॉलम एका रांगेत उभे असतात. आधीचा कॉलम नंतरच्यात मिळवायचा आणि शून्य झाला की कडं सापडलं. तीन जागा जोडायला दोनच जोड लागतात, तिसरा कॉलम शून्य होतो.

इथे तसं होत नाही. एका कॉलममध्ये दुसरा मिळवायचा तर दुसऱ्याचे दोन्ही आकडे पहिल्याच्या आकड्यांएवढे किंवा त्याहून लहान हवेत. (०,२), (१,१), (२,०) यांत एकही असा नाही. तिन्ही कॉलम जागच्या जागी राहतात आणि तिन्ही जोड आवश्यक ठरतात.

मग थोडं वर जायचं. (२,१) ला पट्टी-खडक आणि खडक-किनारा दोन्ही हजर आहेत. दोघांची बेरीज केली की खडक निघून जातो आणि उरतं किनारा अधिक पट्टी. त्यानंतर (२,२) ला किनारा-पट्टीचा मूळ कॉलमही येतो, तो आत्ताच मिळालेल्या बेरजेसारखाच आहे. दोन्ही मिळवले की शून्य. म्हणजे कडं (२,२) ला जन्मलं. हिशेब तपासा: जागा ३, जोड ३, कडं १, ३ वजा ३ अधिक १ म्हणजे १, आणि (२,२) ला खरंच एकच सलग तुकडा आहे. (१,१) ला एकच जोड झालेला असतो, म्हणून तुकडे २.

लेस्निक आणि राइट यांची रीत म्हणजे हेच काम मोठ्या मॅट्रिक्सवर. जाळीच्या प्रत्येक ठिकाणी क्रमाने जायचं, तिथपर्यंत हजर असलेले कॉलमच वापरायचे, एखादा शून्य झाला की त्या ठिकाणाची अंकजोडी लिहून ठेवायची.

आपण ज्या 'प्रेझेंटेशन'ची सारखी चर्चा करतो ते काय?

जनक आणि संबंध यांची यादी. वरच्या उदाहरणात तीन जागा हे जनक, तीन जोड हे संबंध. अनावश्यक सगळं काढून टाकलं की उरतं ते मिनिमल प्रेझेंटेशन. लाखो त्रिकोणांच्या मॅट्रिक्सऐवजी बऱ्याचदा शेकड्यांत मावणारी यादी हाती येते, आणि पुढचं सगळं तिच्यावरच करायचं असतं. माझ्या मते या विषयातली गेल्या काही वर्षांतली खरी प्रगती इथे झाली आहे.

वेळ किती लागतो? कागदावर आणि प्रत्यक्षात?

कागदावर, लेस्निक-राइट यांची रीत इनपुटच्या आकाराच्या घनाच्या पटीत वेळ घेते आणि वर्गाच्या पटीत मेमरी. ऐकायला वाईट वाटतं. पण एका पॅरामीटरची नेहमीची रीतही वाईटात वाईट प्रसंगी घनाच्या पटीतच असते, म्हणजे दोन पॅरामीटरांत आल्याने या मर्यादेत काही बिघडलं नाही. हे घडतं एका सुदैवी कारणाने: दोन पॅरामीटर असताना कर्नल (कॉलमांच्या ज्या बेरजा शून्य होतात त्यांचा संच) नेहमी मुक्त असतो, म्हणजे कडी लिहून काढली की त्यांच्यात आपसांत आणखी संबंध शोधत बसावं लागत नाही. हिल्बर्टच्या सिझिजी प्रमेयाचा हा थेट फायदा. तीन पॅरामीटरांत हे सुख संपतं.

प्रत्यक्षात, केर्बर आणि रोल यांनी २०२१ मध्ये एमपीफ्री हे सॉफ्टवेअर आणलं. त्यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. जाळीतली बहुतेक ठिकाणं रिकामी असतात, मग प्रत्येक ठिकाणी कशाला जायचं? जिथे काम निघण्याची शक्यता आहे तीच ठिकाणं रांगेत ठेवायची. आणि अनावश्यक कॉलम लगेच साफ करत न बसता शेवटी लागेल तेवढीच साफसफाई करायची. एवढ्याने मोठा फरक पडला.

माझा लॅपटॉप २०० बिंदूंवरच अडकतो. काय चुकतंय?

बहुधा तुम्ही सगळे त्रिकोण बनवताय, म्हणजे दर तीन बिंदूंचा एक. या रचनेला रिप्स म्हणतात. हा आमच्या गटातला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या ११८ कलमांचं बघा. जोड्या ६,९०३, त्रिकोण २,६६,९१६. बिंदू २०० केले तर त्रिकोण १३,१३,४००. बिंदू १,००० असतील तर १६,६१,६७,०००. कुठलाही हुशार प्रोग्रॅम यापुढे दमणार. म्हणून गणन सुरू करण्याआधीच आकार उतरवायचा. कलमांची छाटणी पालवी फुटण्याआधी करतात तसंच हे.

पहिली छाटणी त्रिकोण बनवण्याआधीची. २०२३ मध्ये अलोन्सो, केर्बर आणि प्रीतम यांनी दोन पॅरामीटरांच्या आलेखातून काही कडा (दोन बिंदूंमधले जोड) आकाराला धक्का न लावता काढून टाकता येतात हे दाखवलं. कल्पना अशी की एखाद्या कडेच्या दोन्ही टोकांचे जे शेजारी, ते सगळे आधीच आणखी एका बिंदूचेही शेजारी असतील तर ती कडा नवं काही सांगत नाही. कडा गेली की तिच्यावरचे सगळे त्रिकोण जन्मालाच येत नाहीत.

दुसरी छाटणी त्रिकोण बनल्यावरची. फुगाच्ची आणि केर्बर यांची ही २०१९ ची चंक पद्धत, सॉफ्टवेअरचं नाव मल्टीचंक. तीन कलमांचा त्रिकोण घ्या. त्रिकोणाची अंकजोडी ठरते सर्वांत एकट्या झाडाच्या विरळपणावरून आणि सर्वांत लांब बाजूवरून. ती लांब बाजू जर त्याच एकट्या झाडाला लागून असेल, तर त्या बाजूची अंकजोडी आणि त्रिकोणाची अंकजोडी तंतोतंत एक. त्रिकोणाच्या तीनपैकी दोन बाजू कुठल्याही एका झाडाला लागून असतातच, त्यामुळे असं फार वेळा घडतं. अशा बाजूने तयार झालेलं कडं त्याच क्षणी त्या त्रिकोणाने बुजतं. त्याला आयुष्यच नाही. ही जोडी बाकीचे कॉलम नीट करून काढून टाकायची, होमोलॉजी तशीच राहते.

आणि तिसरं, जे मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं: तुमचे बिंदू सपाटीवर आहेत का? झाडं, विहिरी, बोटींची ठिकाणं, सड्यावरची कातळशिल्पं, हे सगळं सपाटीवरच असतं. मग रिप्सच्या वाटेला जाऊच नका. अलोन्सो, केर्बर, लॅम आणि लेस्निक यांची डेलॉने बायफिल्ट्रेशन (दोन पॅरामीटरांनी टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी रचना) वापरा. सपाटीवर तिचा आकार वाईटात वाईट प्रसंगी बिंदूंच्या संख्येच्या वर्गाच्या पटीत राहतो. रिप्सचे नुसते त्रिकोणच घनाच्या पटीत असतात. माझ्या बागेचं गणित त्यानंतर चहा निवायच्या आत व्हायला लागलं.

रिप्सर एवढं वेगवान आहे. त्याची युक्ती इथे चालत नाही का?

उलरिक बाउअर यांचं रिप्सर एका पॅरामीटरमध्ये वेगवान आहे ते मुख्यतः कोहोमोलॉजीमुळे (होमोलॉजीचंच उलट्या दिशेने केलेलं रूप) आणि आधीच ठाऊक असलेले शून्य कॉलम न हाताळण्यामुळे. दोन पॅरामीटरांत ते जसंच्या तसं उचलता येत नाही, कारण कॉलमांची एक रांग नाही. पण २०२३ मध्ये बाउअर, लेन्झेन आणि लेस्निक यांनी कोहोमोलॉजीची वाट दोन पॅरामीटरांसाठीही मोकळी केली. रिप्सच वापरायची वेळ आली, उदाहरणार्थ बिंदू खूप मितींतले असतील, तर ही वाट नक्की बघा.

घनता मोजायलाही एक आकडा निवडावाच लागतो ना? मग उंबरठा टाळला कुठे?

फार बरोबर हरकत. 'किती अंतरातले शेजारी मोजायचे' हा आकडा घनतेच्या आत लपलेला असतोच. तो नको असेल तर मल्टीकव्हर घ्या: प्रत्येक बिंदूभोवती वर्तुळ काढायचं आणि निदान अमुक इतक्या वर्तुळांनी झाकलेला भागच मोजायचा. एक पॅरामीटर त्रिज्या, दुसरा ही 'अमुक' संख्या. कुठलाही आकडा हाताने द्यावा लागत नाही. एडेल्सब्रुनर आणि ओसांग यांच्या र्‍हॉम्बॉइड टायलिंग या रचनेवरून हे मोजता येतं, आणि २०२१ मध्ये कोर्बे, केर्बर, लेस्निक व ओसांग यांनी त्याला गणनाचं रूप दिलं. आकार मात्र मोठा होतो. शंभर-दोनशे बिंदूंना मी हेच सुचवतो.

दोन बागांची तुलना करायची आहे. अंतर कसं काढायचं?

सिद्धांतातलं सर्वांत नैसर्गिक अंतर म्हणजे इंटरलीव्हिंग अंतर. दोन पॅरामीटरांत ते काढणं एनपी-हार्ड, म्हणजे मोठ्या डेटावर जवळजवळ अशक्य आहे, हे ब्येर्केविक, बोटनान आणि केर्बर यांनी सिद्ध केलंय. त्यामुळे मॅचिंग अंतर वापरा: सगळ्या तिरक्या रेघांवर साध्या बारकोडांची तुलना करून सर्वांत मोठा फरक घ्यायचा. दोन पॅरामीटरांत ते बहुपदी वेळात नेमकं काढता येतं.

तुकड्यांत फोडता आलं तर बरं ना?

हो. देय आणि शिन यांनी प्रेझेंटेशन फोडण्याची रीत दिली, पण तिची अट अशी की कुठल्याही दोन जनकांची किंवा दोन संबंधांची अंकजोडी एकच असता कामा नये. २०२५ मध्ये देय, येंड्रिझियाक आणि केर्बर यांनी ती अट सैल केली. आमच्या गटात यावर अजून वाचन चालू आहे.

याचा खरा उपयोग कुणाला झालाय?

२०२१ मध्ये पीएनएएस या नियतकालिकात व्हिपॉण्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. गाठीच्या पेशींमध्ये रोगप्रतिकारक पेशी कशा पसरल्या आहेत, याचे नमुने त्यांनी दोन पॅरामीटरांच्या लँडस्केपने (रँक इन्व्हेरियंटवरून काढलेल्या आलेखाने) वेगळे ओळखले. गाठीच्या छायाचित्रात चुकीने ओळखलेल्या पेशी असतातच, माझ्या बागेतल्या त्या दोन चुकीच्या नोंदींसारख्या. घनतेचा दुसरा अक्ष तिथे कामाला आला. हा निबंध आम्ही सलग तीन रविवार वाचला. निवृत्त शिक्षिका आमच्या गटात आल्या त्या याच कारणाने. त्यांच्या बहिणीच्या तपासणीचे फोटो त्यांनी पाहिले होते आणि त्यात डॉक्टरांना नेमकं काय दिसतं हे त्यांना समजून घ्यायचं होतं.

सुरुवात कशाने करू?

पायथन येत असेल तर मल्टीपर्स ही लायब्ररी. नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर रिव्हेट. बिंदू पन्नासच्या आत ठेवा आणि वरचं तीन जागांचं उदाहरण त्यात टाकून उत्तर वहीशी जुळतं का बघा. ते जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पावसाळ्यात लाइट जाते आणि चाललेलं गणन वाया जातं. काही उपाय?

बायफिल्ट्रेशन, छाटलेलं मॅट्रिक्स आणि मिनिमल प्रेझेंटेशन या तीन वेगळ्या फायली ठेवा आणि प्रत्येक टप्पा संपला की लगेच डिस्कवर लिहा. पहिली फाइल मोठी असते, शेवटची बहुतेक वेळा ईमेलने पाठवता येईल इतकी लहान. रेघांवरचे बारकोड, अंतरं, चित्रं हे सगळं या शेवटच्या फायलीवरूनच निघतं. ती एकदा हाती आली की लाइट गेली तरी बॅटरीवर बाकीचं काम होतं. आमची बाग मी गेल्या आषाढात अशीच पूर्ण केली.